देश बदलला की टेलिफोनची लाइनही बदलते

परदेशातून आलेले यंत्र मजबूत असते आणि जुने मिळाले तर स्वस्तही पडते, ही आपल्याकडची पक्की समजूत. शिलाई मशीन, कात्री, मोटार यांच्या बाबतीत ती पुष्कळदा खरी ठरते. टेलिफोनच्या यंत्रांना मात्र हा हिशोब लागू पडत नाही. अमेरिकेतून आणलेले ऑफिसचे एक्सचेंज, इंग्लंडहून आलेला फोन, दुबईत घेतलेला सॅटेलाइट फोन, दारूखान्यात तुटलेल्या जहाजातून निघालेले बिनतारी यंत्र, ही सर्व आपापल्या जागी उत्तम चालत होती. शिवडीत आणून जोडली की एखादे मुके होते, एखादे घोगरे बोलते, आणि एखादे मालकाला पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावते.

यात यंत्राचा दोष नसतो. ते ज्या लाइनीसाठी आणि ज्या कायद्याखाली बनले, ती लाइन आणि तो कायदा इथे नसतो. हे फरक कोणते, ते का पडले आणि पैसे मोजण्यापूर्वी काय विचारावे, याची माहिती आपल्या धंद्याच्या भाषेत येथे देत आहे.

गाठ म्हटली, पण कुठली?

शिवडीला लागून असलेल्या कॉटन ग्रीनचे नाव कापसाच्या बाजारावरून पडले. १९२१ साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचा कारभार पुढे इथल्या कॉटन एक्सचेंजच्या इमारतीतून चालला. आज तीच संस्था कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने ओळखली जाते. इथे आजही कापसाचा भाव खंडीवर बोलला जातो. खंडी म्हणजे ७८४ पौंड, सुमारे ३५६ किलो. भारतातली कापसाची गाठ १७० किलोची. अमेरिकेतली गाठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची. दोन्हीकडे शब्द 'गाठ' हाच. कुठल्या देशाची गाठ हे न विचारता ज्याने शंभर गाठींचा सौदा केला, त्याच्या हिशोबात ४,८०० किलोंचा फरक पडला.

टेलिफोनच्या डिजिटल लाइनीचेही असेच आहे. एका तारेवरून पुष्कळ संभाषणे एकत्र बांधून पाठवायची, ही तिची गाठ. ही गाठ जगात मुख्यतः दोन मापांची आहे.

चोवीस आणि तीस

डिजिटल लाइनीत आवाज आकड्यांच्या रूपाने जातो. यंत्र दर सेकंदाला ८,००० वेळा आवाजाचे माप घेते आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहिते. ८,००० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. एका माणसाच्या बोलण्याला एवढी जागा लागते. इथपर्यंत सर्व देश एकमताचे आहेत. फरक पुढे पडतो.

अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ साली अशी २४ संभाषणे एकत्र बांधली. त्यांत थोडे बिट गाठीच्या खुणेसाठी मिळवून सेकंदाला १५ लाख ४४ हजार बिटांची लाइन तयार झाली. तिला टी-वन म्हणतात. हा आकडा घरच्या परिस्थितीतून आला. शहरांत जमिनीखाली जुन्या तांब्याच्या तारा पडलेल्या होत्या. त्यांवर साधारण दर ६,००० फुटांवर जुनी उपकरणे बसवण्याची जागा होती. तिथेच नवी यंत्रे बसवायची तर त्या तारेला जेवढे झेपेल तेवढेच बांधता आले.

युरोपने काम नंतर हाती घेतले आणि ३२ खणांची गाठ बांधली. त्यांतले ३० खण बोलण्यासाठी, एक गाठीची सुरुवात ओळखण्यासाठी आणि एक निरोपासाठी, म्हणजे कोणता नंबर लावला, फोन उचलला की ठेवला हे कळवण्यासाठी. वेग सेकंदाला २० लाख ४८ हजार बिट. ही ई-वन. भारताने हीच पद्धत घेतली. म्हणून आपल्याकडे ऑफिसची पीआरआय लाइन ३० संभाषणांची असते. अमेरिकेत तीच लाइन २३ संभाषणांची असते, कारण चोविसावा खण निरोपासाठी जातो. जपाननेही २४ ची गाठ घेतली, पण तिच्या बांधणीत स्वतःचे बदल केले. त्यामुळे अमेरिकी यंत्र जपानमध्येही जसेच्या तसे चालेल याची खात्री नाही.

निरोपाच्या भाषेतही देशादेशांत फरक आहे. जर्मनी आणि फ्रान्स यांच्या भाषा आधी वेगवेगळ्या होत्या. १९८९ साली युरोपातल्या टेलिफोन संस्थांनी एक समान भाषा घेण्याचा करार केला, तिला युरो-आयएसडीएन म्हणतात. भारतातल्या पीआरआय लाइनी बहुतांशी याच घराण्यातल्या आहेत. अमेरिकेत एक्सचेंज कोणत्या कंपनीचे आहे त्यावर बोली बदलत असे. तिथे ग्राहकाला आपल्या यंत्रात एक वेगळा ओळख-नंबरही भरावा लागे. तो चुकला की लाइन चालू असूनही यंत्र गप्प.

आवाज दाबण्याच्या दोन रीती

दुसरा फरक जास्त बारीक आहे आणि तोच जास्त त्रास देतो. आठ बिटांत फक्त २५६ पायऱ्या बसतात. हळू बोलणे आणि मोठ्याने बोलणे, दोन्ही त्यांतच बसवायचे. म्हणून हळू आवाजाला बारीक पायऱ्या आणि मोठ्या आवाजाला मोठ्या पायऱ्या दिल्या जातात. दुकानदार लहान रकमेत पैशाचाही हिशोब ठेवतो आणि लाखाच्या सौद्यात शेवटचे रुपये सोडून देतो, तशीच ही रीत.

अमेरिका आणि जपान यांनी या पायऱ्यांचा जो तक्ता घेतला त्याला म्यू-लॉ म्हणतात. युरोप, भारत आणि जगातल्या बहुतेक देशांनी घेतला तो ए-लॉ. संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था जिनिव्हात आहे. तिच्या समितीने १९७२ साली जी ७११ या नियमात दोन्ही तक्ते मान्य केले. शिवाय तडजोड अशी ठरली की दोन वेगळ्या तक्त्यांच्या देशांत बोलणे झाले तर मधली लाइन ए-लॉची राहील, आणि बदल करून घेण्याचे काम म्यू-लॉ वापरणाऱ्या देशाचे. मुंबईहून न्यूयॉर्कला अशा डिजिटल लाइनीवरून फोन लावला तर आवाजाची ही उलथापालथ अमेरिकेच्या बाजूला होते. ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

पत्ता लागतो तो एकाच ऑफिसात दोन तक्ते एकत्र आले की. झकेरिया बंदर रोडच्या बाजूला तयार कपड्यांचे काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. २००० सालच्या सुमारास त्यांच्या भाच्याने न्यू जर्सीहून एका बंद झालेल्या ऑफिसचे एक्सचेंज पाठवले. यंत्र नामवंत बनावटीचे आणि जवळजवळ नवे होते. इथे ३० संभाषणांची लाइन घेतली, पण यंत्रातले कार्ड २४ चे. लाइन लागेचना. ई-वनचे कार्ड शोधून आणले. त्या एका कार्डाची किंमत भाच्याने सबंध एक्सचेंजला दिलेल्या रकमेहून अधिक झाली.

लाइन लागली, तरी पलीकडचा माणूस डब्यातून बोलल्यासारखा घोगरा ऐकू येई. कार्ड बसवणाऱ्याने यंत्राच्या आतली आवाजाची मांडणी म्यू-लॉवरच ठेवली होती. दुसऱ्या जाणकाराने ती ए-लॉवर नेली आणि पाच मिनिटांत आवाज साफ झाला. त्याआधी तीन आठवडे दुबईच्या गिऱ्हाइकांशी धड बोलणे होत नव्हते, आणि त्या काळात एक ऑर्डर दुसरीकडे गेली.

भिंतीवरची पेटी कुणाची?

तिसरा फरक मालकीचा आहे. टेलिफोन कंपनीची तार कुठे संपते आणि ग्राहकाचे यंत्र कुठे सुरू होते, याचे उत्तर प्रत्येक देशाने वेगळे दिले.

अमेरिकेत पूर्वी बेल कंपनीखेरीज कुणाचेही उपकरण लाइनीला जोडता येत नसे. टेक्सासच्या थॉमस कार्टर नावाच्या व्यावसायिकाने बिनतारी यंत्राला टेलिफोन जोडणारे 'कार्टरफोन' नावाचे उपकरण बनवले. त्यावर वाद झाला, आणि १९६८ साली तिथल्या संघीय आयोगाने निकाल दिला की लाइनीला इजा होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचे यंत्र जोडण्याचा हक्क आहे. पुढे १९७० च्या दशकात 'पार्ट ६८' हे नियम आले. यंत्र नोंदवा, लाइनीला धोका नाही हे दाखवा आणि खुशाल विका. या निकालाने छोट्या कारखानदारांना मोठी बाजारपेठ उघडून दिली.

याच विचाराने अमेरिकेने आयएसडीएन लाइनीची भिंतीवरची पेटीही ग्राहकाच्या गळ्यात घातली. कंपनी नुसत्या दोन तारा आणून देणार, पुढची पेटी आपली आपण घ्यायची. म्हणून तिथल्या पुष्कळ यंत्रांत ती पेटी आतच बसवलेली असे. युरोपात आणि आपल्याकडे ही पेटी टेलिफोन कंपनी देत आली आणि ग्राहकाचे यंत्र तिच्या पुढे चार तारांनी जोडले जाई. त्यामुळे अमेरिकेतले यंत्र आणि इथली पेटी यांचे खाचेपासूनच जुळत नाही.

साध्या फोनचेही उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये १९८१ पासून आलेल्या खाचेत घंटीसाठी तिसरी तार असते आणि घंटीचा एक भाग भिंतीतल्या मुख्य खाचेत बसवलेला असतो. ब्लॅकबर्न किंवा लेस्टरहून आणलेला जुना फोन इथे नुसती पिन बदलून जोडला तर बोलणे होते, पण तो वाजत नाही. लोक यंत्र बिघडले म्हणून टाकून देतात. कमी असतो तो दोन-चार रुपयांचा एक कंडेन्सर.

शिक्का कुणाचा चालतो?

यंत्र लाइनीशी जुळले तरी काम संपत नाही, परवानगीही लागते. अमेरिकेचा एफसीसी शिक्का अमेरिकेपुरता. युरोपात १९९९ च्या निर्देशानंतर देशोदेशीची वेगळी मंजुरी गेली, आणि कारखानदार स्वतःच्या जबाबदारीवर सीई खूण लावू लागला. भारतात यांपैकी एकही खूण पुरेशी नाही.

आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याने टेलिफोन पूर्णपणे सरकारच्या हाती ठेवला होता. यंत्रांचे नमुने ठरवून तपासण्यासाठी १९९१ साली दूरसंचार अभियांत्रिकी केंद्र, म्हणजे टीईसी, सुरू झाले. २०१७ साली तार नियमांत दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची तपासणी टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. साधा टेलिफोन, मोडेम, फॅक्स, कॉर्डलेस आणि ऑफिस एक्सचेंज हे प्रकार सुरुवातीच्या टप्प्यांतच आले. बिनतारी लहरी वापरणाऱ्या यंत्राला दूरसंचार खात्याच्या बिनतारी शाखेची वेगळी मंजुरी लागते. मोबाइल आणि चार्जर यांना भारतीय मानक संस्थेची नोंदणी लागते. जुना इलेक्ट्रॉनिक माल परदेशातून आणण्यावर आणखी वेगळी बंधने आहेत. म्हणून कंटेनर भरण्यापूर्वी कस्टमचे काम करणाऱ्या एजंटाकडून लेखी खुलासा घ्यावा. माल बंदरात अडकला तर गोदामभाडे रोज चढते. अशा मालात नफा मुळातच पातळ असतो, तो तिथेच संपतो.

बिनतारी यंत्रात जोखीम मोठी

तारेचे यंत्र चुकीचे निघाले तर पैसे जातात. बिनतारी यंत्रात कायदाही आड येतो, कारण प्रत्येक देशाने लहरींचे पट्टे वेगळ्या रीतीने वाटले आहेत.

अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा घरगुती उपकरणांना मोकळा आहे. तिथले जुने '९०० मेगाहर्ट्झ' कॉर्डलेस फोन याच पट्ट्यात चालत. भारतात १९९५ पासून सुरू झालेल्या मोबाइल सेवेने ८९० ते ९१५ चा पट्टा ग्राहकाकडून टॉवरकडे जाणाऱ्या आवाजासाठी वापरला. म्हणजे घरातला कॉर्डलेस सरळ मोबाइल टॉवरच्या कानात ओरडणार. 'डेक्ट ६.०' या नावाच्या अमेरिकी कॉर्डलेसचीही तीच गोष्ट. तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो. आपल्याकडे २०१० च्या लिलावानंतर खासगी कंपन्यांनी थ्रीजी सेवा सुरू केली, तिचा टॉवरकडे जाणारा पट्टा १९२० पासूनच सुरू होतो. युरोपचा डेक्ट फोन १८८० ते १९०० वर चालतो. दोन्ही खोक्यांवर 'डेक्ट' लिहिलेले असते, म्हणून खोक्यावरचा पट्ट्याचा आकडा वाचावा.

सॅटेलाइट फोनबाबत तर फार सावध राहावे. थुराया ही संयुक्त अरब अमिरातीची कंपनी. तिचा फोन तिथल्या बाजारात मिळतो. भारतात सरकारी परवानगीशिवाय असा फोन जवळ बाळगणेही चालत नाही. विमानतळांवर परदेशी प्रवाशांनाही यावरून अटक झालेली आहे. आखातातून येणाऱ्या आपल्या माणसांनी कुणाची भेटवस्तू म्हणूनही असे पार्सल आणू नये.

दारूखान्याच्या धंद्यातल्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जहाजावरचा रेडिओ पुष्कळदा २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. जहाजावरची वीजही बहुधा ६० सायकलची असते, आपली २३० व्होल्ट आणि ५० सायकलची. ते जमवून घेतले तरी सेवा शिल्लक आहे का हे पाहावे लागते. इनमारसॅट-ए सेवा २००७ च्या अखेरीस बंद झाली आणि इनमारसॅट-बी २०१६ च्या अखेरीस. त्यांचे यंत्र कितीही चकचकीत असले तरी भंगाराच्या वजनानेच घ्यावे. जे रेडिओ अजून चालतात, ते परवान्याशिवाय विकणे किंवा वापरणे हा कायद्याचा प्रश्न आहे.

इंटरनेटवरचे बोलणे

आता तारेऐवजी इंटरनेटवरून बोलणे वाढले, तरी देशादेशांचे नियम गेले नाहीत. अमिरातीत परवाना मिळालेल्या सेवांतूनच इंटरनेटवर बोलता येते. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे मोबाइलवरचे फुकट कॉल तिथे मोकळेपणाने चालत नाहीत. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली.

मात्र परदेशातले कॉल इंटरनेटवरून घेऊन इथल्या सिमकार्डांतून पुढे सोडणे हा गुन्हा आहे. ज्या पेटीत एकावेळी अनेक सिम बसतात तिला सिम बॉक्स म्हणतात. २०१७ साली लातूर जिल्ह्यात महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने असे बेकायदा एक्सचेंज पकडले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना सेवा चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कुणी आपला रिकामा गाळा चढ्या भाड्याने 'इंटरनेटचे यंत्र ठेवायला' मागत असेल तर आत काय चालणार हे लेखी घ्यावे आणि स्वतः जाऊन पाहावे. तपास सुरू झाला की गाळेमालकालाही जबाब द्यावा लागतो.

स्वस्त माल आता का येतो आहे?

काही वाचक म्हणतील, टी-वन आणि ई-वन ही जुनी गोष्ट झाली. ते खरे आहे, आणि सावधगिरीचे कारणही तेच आहे. जर्मनीने २०२० च्या सुमारास आपल्या आयएसडीएन लाइनी जवळजवळ सर्व इंटरनेट पद्धतीवर नेल्या. जपानमध्ये आयएसडीएनची डेटा सेवा २०२४ च्या जानेवारीपासून बंद होत गेली. ब्रिटनने जुनी टेलिफोन लाइन बंद करण्याची मुदत २०२५ च्या डिसेंबरवरून २०२७ च्या जानेवारीवर नेली. एवढ्या ऑफिसांतून निघालेली यंत्रे कुठेतरी विकली जाणारच. ज्याच्या देशात लाइन उरली नाही, तो आपले एक्सचेंज मातीमोल देतो. घेणाऱ्याला किंमत दिसते, लाइन दिसत नाही.

पैसे देण्यापूर्वी

१. यंत्र कोणत्या देशासाठी बनले ते मागच्या पट्टीवर वाचा. नुसती एफसीसी खूण असेल तर ते अमेरिकेसाठी आहे असे धरून चला.

२. ऑफिस एक्सचेंज असेल तर कार्ड टी-वनचे की ई-वनचे, आणि ए-लॉ निवडता येतो का, हे विचारा. काही कार्डे दोन्हींवर चालतात. तसे असेल तर विक्रेत्याने बिलावर लिहून द्यावे.

३. आपल्या टेलिफोन कंपनीकडून लाइनीचा प्रकार कागदावर घ्या आणि तो कागद यंत्र बसवणाऱ्याला दाखवा.

४. वीज २३० व्होल्ट आणि ५० सायकल चालते का, ते पाहा. सौदीत अनेक वर्षे १२७ व्होल्ट आणि ६० सायकल होती, तिथला जुना माल तपासूनच घ्या.

५. बिनतारी यंत्र असेल तर लहरींचा पट्टा आणि भारताची मंजुरी पाहा. मंजुरी नसेल तर फुकटही घेऊ नका.

६. टीईसीच्या यादीत तो प्रकार आहे का ते पाहा. यादीत भर पडत असते, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर सौदा करू नका.

७. सुटे भाग आणि जाणकार कारागीर मुंबईत आहे का, हे लॅमिंग्टन रोडवर दोन ठिकाणी विचारा.

जे स्वतः अशी यंत्रे विकतात त्यांनीही गिऱ्हाइकाला लाइनीचा प्रकार आधी विचारावा आणि बिलावर ई-वन, ए-लॉ, मंजुरीचा क्रमांक असे स्पष्ट लिहावे. कापडाच्या बिलावर आपण सुताचा नंबर आणि पन्हा लिहितो, तितकेच हे जरुरीचे आहे. त्याने एखादा सौदा कमी होईल, पण परत आलेल्या मालाचा आणि तुटलेल्या गिऱ्हाइकाचा खर्च वाचेल.